परदेशात फोनमार्फत बोलताना: अनुवाद अ‍ॅप कसे वापरावे

परदेशातील एका बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर मी फोन तोंडासमोर धरून म्हणालो, "मला बस लागते, पुढची सीट द्या." माझे मराठी वाक्य पडद्यावर जसेच्या तसे उमटले, फोनने ते तिथल्या भाषेत खणखणीत आवाजात ऐकवले आणि खिडकीमागच्या बाईंनी मान डोलावून बसचे वेळापत्रक माझ्यापुढे सरकवले. मला बस हवी आहे एवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. बसच्या प्रवासात मला मळमळते, हे पोहोचलेच नव्हते. ऐकण्यात चूक झालेली नव्हती आणि उच्चारातही नव्हती. "लागणे" या एका क्रियापदावर मराठीने जेवढे अर्थ लादले आहेत तेवढे दुसऱ्या भाषेतल्या एका शब्दात मावत नाहीत, आणि यंत्राने त्यांतला सर्वांत रुळलेला अर्थ उचलला. "बसच्या प्रवासात मला उलटी होते. मला पुढच्या बाकावर बसायचे आहे." अशी दोन वाक्ये सांगितल्यावर मात्र काम मिनिटभरात झाले.

बोललेले ऐकून त्याचा अनुवाद बोलून दाखवणारी अ‍ॅप आता हाताशी असतात, आणि ती चालू कशी करायची हे कोणालाही पाच मिनिटांत कळते. खरी अडचण त्यापुढे असते: यंत्राला काय सांगायचे, त्याने सांगितलेले कितपत मानायचे आणि कोणत्या प्रसंगी फोन खिशात ठेवून दुभाषा शोधायचा. पुढील सूचना मुख्यतः त्याविषयी आहेत.

यंत्राच्या आत काय घडते

बहुतेक अ‍ॅपमध्ये हे काम तीन टप्प्यांत होते. आधी तुमच्या बोलण्याची अक्षरे होतात, मग त्या अक्षरांचा दुसऱ्या भाषेत अनुवाद होतो आणि शेवटी तो अनुवाद कृत्रिम आवाजात वाचून दाखवला जातो. पहिल्या टप्प्यावर झालेली चूक दुसरा टप्पा सुधारत नाही. तो तिचाही नेटका अनुवाद करून पुढे पाठवतो. तिसऱ्या टप्प्याचा आवाज तर बरोबर वाक्याला आणि चुकीच्या वाक्याला सारखाच ठाम असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंका येण्याचे कारणच उरत नाही.

या तीन टप्प्यांपैकी पहिला तुम्हाला पूर्णपणे तपासता येतो, कारण पडद्यावर उमटलेले वाक्य तुमच्याच भाषेत असते. दुसरा टप्पा अर्धवट तपासता येतो: मिळालेला अनुवाद पुन्हा उलट आपल्या भाषेत आणून पाहायचा. म्हणून या लेखातील एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ती ही, की पडद्यावरचे वाक्य वाचल्याशिवाय ते समोरच्याला ऐकू देऊ नये. अनुवाद आपोआप मोठ्याने वाचण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर ती बंद करावी आणि वाचून झाल्यावर स्पीकरच्या चिन्हावर स्वतः बोट ठेवावे. वेळ थोडा जास्त जातो, पण गैरसमज निस्तरण्यात जाणाऱ्या वेळेच्या मानाने तो काहीच नाही.

आणखी एक गोष्ट मराठी बोलणाऱ्याने जाणून घेण्यासारखी आहे. मराठीतून जपानीत किंवा मराठीतून पोर्तुगीजमध्ये थेट अनुवाद शिकवण्याइतका मजकूर यंत्राला सहसा मिळत नाही, त्यामुळे अशा जोड्यांमध्ये अनुवाद बहुधा इंग्रजीच्या पुलावरून जातो. इंग्रजीत "आम्ही" आणि "आपण" यांच्यात फरक नाही, "तू" आणि "तुम्ही" यांच्यात नाही. आत्या, मावशी, काकू आणि मामी यांना तिथे एकच शब्द आहे. "आपण उद्या निघू" असे तुम्ही टॅक्सीचालकाला सांगितले, तर त्याला तो स्वतः त्यात आहे की नाही हे कळण्याचा मार्ग पुलावरच बंद झालेला असतो. तिथे "तुम्ही उद्या आम्हाला न्या" असे सांगावे लागते. उलट दिशेनेही हे घडते. तुर्की, फारसी, फिनिश आणि हंगेरियन या भाषांत "तो" आणि "ती" यांना एकच सर्वनाम आहे, त्यामुळे तिकडून आलेल्या वाक्यातले "तो" हे यंत्राचे अनुमान असते, बोलणाऱ्याचे विधान नव्हे.

गूगल ट्रान्सलेट २००६ साली सुरू झाले तेव्हा त्याचा अनुवाद आकडेवारीच्या पद्धतीने, शब्दसमूह जुळवून होत असे. २०१६च्या नोव्हेंबरपासून त्याने न्यूरल पद्धत, म्हणजे तुकडे न जुळवता पूर्ण वाक्य एकदम घेऊन अनुवाद करणारी पद्धत, वापरायला सुरुवात केली आणि वाक्ये एकदम ओघवती झाली. यात एक तोटाही झाला, आणि तो कोणी फारसा सांगत नाही. जुना अनुवाद चुकला की वाक्य मोडके येत असे व चूक दिसत असे; आता चूकसुद्धा व्याकरणशुद्ध वाक्यात लपून येते.

अ‍ॅप निवडणे आणि निघण्यापूर्वीची तयारी

सर्वत्र चालेल असे एकच अ‍ॅप नाही, म्हणून फोनमध्ये दोन ठेवावीत. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आहे आणि भाषांची संख्याही मोठी आहे. २०२४च्या जूनमध्ये तिथे एकदम ११० भाषांची भर पडली. अ‍ॅपलचे अनुवाद अ‍ॅप २०२० साली ११ भाषांसह आले, तेव्हा त्यांत मराठी नव्हती, त्यामुळे आयफोन वापरणाऱ्यांनी आपली जोडी तिथे आहे का हे आधी पाहावे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅपमध्ये एकाच संभाषणात प्रत्येकाने आपापल्या फोनवर, आपापल्या भाषेत सामील होण्याची सोय आहे. चारपाच जणांच्या बैठकीत ती एक फोन फिरवत बसण्यापेक्षा बरी पडते. कोरियाला जाणाऱ्यांना तिथल्याच नेव्हर कंपनीचे पापागो उपयोगी पडते, कारण त्यात कोरियन भाषेतले आदरार्थी रूप निवडता येते. मात्र त्यासाठी आपल्याकडून हिंदी किंवा इंग्रजी बोलावे लागते. जपानच्या एनआयसीटी या सरकारी संशोधन संस्थेने व्हॉइसट्रा नावाचे मोफत अ‍ॅप तयार केले आहे. अनुवादाबरोबरच त्याचा उलट अनुवादही ते पडद्यावर दाखवते, म्हणजे वर सांगितलेली तपासणी तिथे आपोआप होते. ही कल्पना इतर अ‍ॅपनी का उचलली नाही, याचे मला नवल वाटते. चीनच्या मुख्य भूमीवर गूगलच्या सेवा बंद आहेत, तेव्हा तिथे जाताना ऑफलाइन पॅक (नेटशिवाय अनुवाद व्हावा म्हणून फोनमध्ये उतरवून ठेवायची भाषेची फाइल) किंवा तिथे चालणारे दुसरे अ‍ॅप घेतल्याशिवाय निघू नये.

मराठीत बोलावे की इंग्रजीत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःपुरता सोडवायचा आहे. इंग्रजीत बोलल्यास पूल ओलांडण्याची एक पायरी वाचते आणि इंग्रजीतून होणारा अनुवाद सहसा अधिक नेमका असतो. परंतु अडखळत, शब्द शोधत बोललेले इंग्रजी हे सरळ मराठीपेक्षा यंत्राला अधिक गोंधळात टाकते. माझा प्रघात असा आहे की साध्या कामांसाठी मराठी वापरावी, आणि पैसे, औषध किंवा तारीख यांपैकी काही गुंतले असेल तर तेच वाक्य सावकाश इंग्रजीत लिहून द्यावे. भाषेगणिक अचूकपणा किती बदलतो हे २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले: रुग्णाला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या सूचनांचा गूगलने केलेला अनुवाद स्पॅनिशमध्ये ९४ टक्के वेळा अर्थाला धरून होता, तर आर्मेनियनमध्ये केवळ ५५ टक्के वेळा. जिथे जायचे आहे तिथली भाषा जितकी कमी वापराची, तितकी आपली वाक्ये अधिक साधी हवीत, असा त्यातून अर्थ घ्यावा.

ऑफलाइन पॅक घरच्या वायफायवरच उतरवून घ्यावेत. गूगलने २०१८ साली न्यूरल अनुवाद ऑफलाइन उपलब्ध केला तेव्हा ५९ भाषांचे पॅक दिले, त्यांत मराठीही होती, आणि प्रत्येक पॅक ३५ ते ४५ एमबीचा होता. म्हणजे फोनमध्ये जागा नाही ही सबब चालणार नाही. मात्र मजकुराचा पॅक उतरवला म्हणजे बोलणेही ऑफलाइन ओळखले जाईल असे नाही. त्यासाठी वेगळा पॅक लागतो आणि तो प्रत्येक भाषेसाठी असतोच असे नाही. याची खात्री करण्याचा उपाय सोपा आहे: घरी बसून फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि चार वाक्ये बोलून, चार टाइप करून पाहावीत. काय चालते आणि काय चालत नाही हे त्या दहा मिनिटांत जितके कळते तितके कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही. परक्या विमानतळावर रोमिंग सुरू न झाल्यामुळे पहिल्यांदा हा शोध लागणे फार महागात पडते.

त्याच बैठकीत आणखी तीन कामे उरकावीत. ज्या देशात जायचे आहे तिथल्या लिपीचा कीबोर्ड फोनमध्ये सुरू करून ठेवावा. गोंगाटात फोन समोरच्याच्या हातात देऊन "इथे लिहा" असे खुणेने सांगता येते, आणि लिहिलेल्या वाक्याला पहिल्या टप्प्याची चूक चिकटत नाही. दुसरे, राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता स्थानिक लिपीत मिळवून त्याचा स्क्रीनशॉट काढावा. पत्ता ही अनुवाद करण्याची गोष्टच नव्हे. तिसरे, हमखास लागणारी दहा-बारा वाक्ये आधीच अनुवादित करून, उलट तपासून, तारांकित करून ठेवावीत. त्यांत पहिले वाक्य असे असावे: "मला तुमची भाषा येत नाही. मी या फोनच्या मदतीने बोलतो. कृपया लहान वाक्यांत आणि सावकाश बोला." हे वाक्य आधी दाखवले की समोरचा माणूस थांबतो, फोनकडे पाहतो आणि सहकार्य करतो, ते न दाखवता थेट फोन पुढे केला, तर काही जण आपले चित्रीकरण चालले आहे असे समजून मागे सरतात.

यंत्राला समजेल असे मराठी

मराठी बोलताना आपण कर्ता सहज गाळतो. "उद्या जाणार आहे, सामान ठेवायचंय" हे वाक्य घरात कोणालाही कळेल. यंत्राला मात्र कोण जाणार, सामान कुठे ठेवायचे आणि किती वेळ, यांतले काहीच त्यात सापडत नाही, आणि न सापडलेले ते स्वतः भरते. "मी उद्या सकाळी खोली सोडणार आहे. मला माझी बॅग संध्याकाळपर्यंत इथे ठेवायची आहे. हे चालेल का?" असे सांगावे. एका वाक्यात एकच गोष्ट, कर्ता स्पष्ट, क्रियापद पूर्ण आणि प्रश्न सर्वांत शेवटी, एवढी शिस्त पुरते. पुस्तकी मराठी बोलण्याचा संकोच वाटतो खरा, पण इथे ऐकणारा माणूस नाही.

वाक्प्रचार टाळा, असे सगळेच सांगतात. अडचण अशी की मराठीत कितीतरी वाक्प्रचार आपल्याला वाक्प्रचार वाटतच नाहीत, आणि आजारपणात तर तेच तोंडी येतात. तोंड येते, डोळे येतात, पाठीत चमक भरते, अंगात कणकण असते, गाडी लागते. यांतले प्रत्येक वाक्य शब्दशः उचलले तर डॉक्टरसमोर काय येईल याची कल्पना करून पाहावी: एका माणसाचे डोळे कुठून तरी आले आहेत आणि दुसऱ्याच्या पाठीत चकाकी भरली आहे. "माझ्या तोंडात आतून जखमा झाल्या आहेत", "माझे डोळे लाल झाले आहेत आणि त्यांतून पाणी येते", "वाकल्यावर माझी पाठ इथे दुखते" अशी वाक्ये करावीत आणि "इथे" म्हणताना त्या जागेवर बोट ठेवावे. दिसते काय, कधीपासून आणि किती वेळा, हे सांगितले की निदानाचा शब्द सांगण्याची गरज राहत नाही.

विशेषनामांचा त्रास वेगळाच असतो. आशा, किरण, प्रकाश, उषा ही नावे मराठीत अर्थवाहीही आहेत, त्यामुळे "माझे नाव प्रकाश आहे" याचे काय होईल ते यंत्राच्या मर्जीवर असते. नाव कधी बोलू नये. पासपोर्टचे पान किंवा आरक्षणाचा कागद दाखवावा. स्थानकांच्या आणि रस्त्यांच्या नावांनाही हाच नियम लावावा: ती नकाशावर दाखवावीत.

नकारार्थी प्रश्न विचारू नयेत. "ही गाडी विमानतळावर जात नाही ना?" याला "हो" असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ भाषेप्रमाणे बदलतो. जपानी माणसाचे "हो" म्हणजे "तुम्ही म्हणता ते बरोबर, जात नाही"; इंग्रजीत तेच सांगायला "नाही" म्हणावे लागते; आणि मराठीत आपण दोन्ही प्रकारे बोलतो. यंत्र त्या एका अक्षराचा अनुवाद बिनचूक करते आणि तुमची गाडी तरीही चुकते. प्रश्न होकारार्थी विचारावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे "कोणती गाडी विमानतळावर जाते?" असे विचारून उत्तर बोटाने दाखवून घ्यावे.

आकडे, वेळ आणि तारखा

आकड्यांना मी वेगळी जागा देत आहे, कारण प्रवासातल्या नुकसानकारक चुका बहुतांशी इथेच होतात आणि त्या ऐकताना लक्षात येत नाहीत.

वेळेपासून सुरुवात करू. मराठीत "साडेतीन" म्हणजे ३.३०. ब्रिटिश बोलीत "हाफ फोर" म्हणजे ४.३०. जर्मनमध्ये "हाल्ब फियर", म्हणजे शब्दशः "अर्धे चार", हे मात्र ३.३० असते, कारण तिथे चारकडे जाताना अर्धा तास झाला असे मोजतात. एकच शब्दरचना आणि एका तासाचा फरक. "साडेतीन", "पावणेचार", "सव्वादोन" हे शब्द यंत्रापुढे उच्चारूच नयेत. "तीन वाजून तीस मिनिटे, दुपारी" असे म्हणावे आणि पडद्यावर आकड्यांत काय उमटले ते पाहावे. चोवीस तासांचे घड्याळ वापरणाऱ्या देशांत १५.३० असे टाइप करून दाखवणे सर्वांत सुरक्षित. "परवा" हा शब्दही तसाच दगाबाज आहे, कारण तो मागच्या दिवसासाठी चालतो आणि पुढच्यासाठीही. मराठी माणूस तो क्रियापदावरून ओळखतो, यंत्राकडून तशी अपेक्षा ठेवू नये. तारीख आणि वार दोन्ही सांगावेत. लिहिताना महिना अक्षरांत लिहावा, कारण ०३/०४ हे अमेरिकेत ४ मार्च असते आणि इतर अनेक देशांत ३ एप्रिल.

मोठ्या रकमांचे गणित आणखी बिकट आहे. आपण हजारानंतर लाखावर जातो. चिनी, जपानी आणि कोरियन भाषांत दहा हजारांचे स्वतंत्र एकक आहे, म्हणून आपला दीड लाख तिथे "पंधरा दहा-हजार" असा बोलला जातो. आणि मध्ये इंग्रजीचा पूल असला तर तो तिसऱ्याच पद्धतीने, एकशे पन्नास हजार असा मोजतो. त्यात एखादे शून्य निसटणे अवघड नाही. विरामचिन्हेही दगा देतात: जर्मनीत १.५०० म्हणजे दीड हजार आणि १,५० म्हणजे दीड. म्हणून रक्कम कधीही केवळ ऐकून मान्य करू नये. फोनमधले गणनयंत्र उघडावे, आकडा टाइप करून समोर धरावा, आणि दुरुस्ती असेल तर समोरच्याला त्यावरच करू द्यावी. याला कोणतेही अ‍ॅप लागत नाही आणि कोणत्याही भाषेत ते चालते.

समोरासमोर बोलताना

संभाषणाच्या पडद्यावर साधारणपणे दोन भाषांसाठी दोन माइकची बटणे असतात आणि एखादे "ऑटो" बटण असते, ज्यात कोण कोणत्या भाषेत बोलतो हे यंत्र स्वतः ओळखते. शांत खोलीत ऑटो बरे चालते. रस्त्यावर, स्थानकात किंवा रांगेत ते शेजारच्या माणसाचे बोलणेही वेचते, म्हणून तिथे हाताने बटण दाबूनच बोलावे. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि माइकचे छिद्र बोटाने झाकले जात नाही ना, हे पाहावे. बटण दाबल्यावर खूण झाल्याशिवाय बोलायला लागू नये, नाहीतर पहिला शब्द गळतो आणि तो बहुधा "नाही" असतो. बोलून होताच बटण बंद करावे. बोलणे ओळखणाऱ्या नव्या यंत्रणांमध्ये शांततेच्या किंवा नुसत्या आवाजाच्या जागी न बोललेले शब्द घालण्याची खोड आढळली आहे. ओपनएआयने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या व्हिस्पर या यंत्रणेबाबत संशोधकांनी ती नोंदवली आहे. रिकामा माइक उघडा ठेवण्याचा काहीच फायदा नाही.

जाड काचेपलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्याशी आवाजाचा खेळ करू नये. वाक्य मोठ्या अक्षरांत पडदाभर दाखवण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती वापरून फोन काचेला टेकवावा. बोलताना पाहावे माणसाकडे, फोनकडे नव्हे. फोनकडे पाहून बोलले की समोरचाही फोनशीच बोलू लागतो, आणि चेहऱ्यावरचा गोंधळ, जो अनुवाद चुकल्याची सर्वांत लवकर मिळणारी खूण असतो, तो तुमच्या नजरेतून सुटतो. उत्तर विषयाला सोडून आले तर तेच वाक्य पुन्हा मोठ्याने बोलण्यात अर्थ नाही. वेगळ्या शब्दांत, अधिक लहान करून सांगावे. महत्त्वाची गोष्ट ठरली की ती आपल्याकडून उलट वाचून दाखवावी: "म्हणजे उद्या, बुधवारी, ७.१५ वाजता, इथेच?" आणि मान हलण्याची वाट पाहावी.

फलक, औषधाचे वेष्टन, छापील सूचना यांसाठी बोलण्याचे अ‍ॅप हे साधनच नव्हे. तिथे कॅमेऱ्याचा अनुवाद वापरावा. इअरफोनमधून चालणारा अनुवादही आता मिळतो. तो फेरफटक्यातील माहिती ऐकायला छान आहे, पण देवाणघेवाणीत पडद्यावरचे वाक्य नजरेआड होते, म्हणून व्यवहारासाठी मला तो पसंत नाही. फोनवरून कोणाशी बोलायचे असेल तर मुक्कामाच्या ठिकाणच्या कर्मचाऱ्याला, काय विचारायचे ते लिहून दाखवून, त्यालाच फोन करायला सांगणे अधिक खात्रीचे.

औषध, पोलीस आणि सही

आजाराच्या बाबतीत अ‍ॅपवर विसंबण्याऐवजी कागद तयार ठेवावा. त्यावर आपला रक्तगट, नेहमीच्या औषधांची मूळ नावे व मात्रा, आणि ज्यांची अ‍ॅलर्जी आहे त्या गोष्टी स्थानिक भाषेत लिहून, ती भाषा येणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्याव्यात. औषधाचे ब्रँडनाव परदेशात ओळखले जाईलच असे नाही, आणि मूळ नावही कधीकधी वेगळे असते: आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत व जपानमध्ये अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. "मला पेनिसिलिन चालत नाही" हे वाक्य बोलण्यातून ओळखले जाताना त्यातला एकच "नाही" गळला तर काय होईल, एवढा विचार केला की कागदाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. रुग्णालयात दाखल व्हायचे असेल किंवा शस्त्रक्रियेची संमती द्यायची असेल, तर दुभाषा मिळेल का हे विचारणारे वाक्य अ‍ॅपमध्ये तारांकित असू द्यावे.

पोलिसांशी बोलताना काय होऊ शकते याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस राज्यात घडले. २०१७ साली तिथल्या महामार्ग पोलिसाने स्पॅनिश बोलणाऱ्या एका चालकाला फोनवरील अनुवादातून गाडीची झडती घेण्याची परवानगी विचारली. यंत्राने वापरलेल्या क्रियापदाचा नेहमीचा अर्थ "शोधणे" असा होतो, म्हणजे चालकाच्या बाजूने वाचले तर "मी गाडी शोधू का?" असा काहीसा प्रश्न त्याच्यापुढे आला. पुढच्या वर्षी न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही आणि त्या झडतीत मिळालेला पुरावा बाद केला. तुम्ही कधी त्या चालकाच्या जागी असाल तर अनुवाद समजला नसताना "हो" म्हणू नका. "मला समजले नाही, मला दुभाषा हवा आहे" एवढेच म्हणा. वाणिज्यदूतीय संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार, परदेशात अटक झालेल्या व्यक्तीने मागणी केल्यास तिच्या देशाच्या दूतावासाला कळवणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक असते. आणि नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात फौजदारी खटल्यात न्यायालयाची भाषा न समजणाऱ्या आरोपीला विनामूल्य दुभाषा मिळण्याचा हक्क नमूद आहे. आपल्या दूतावासाचा क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवावा. भाडेकरार, विमा किंवा अपघाताचा जबाब यांवर केवळ अ‍ॅपने ऐकवले म्हणून सही करू नये.

पासपोर्ट तपासणीच्या रांगेत फोन वापरण्याची अनेक ठिकाणी मनाई असते, त्यामुळे मुक्कामाचा पत्ता आणि परतीचे तिकीट तिथे छापील स्वरूपात हातात असावे. आणीबाणीत युरोपीय संघातील सर्व देशांमध्ये ११२ हा क्रमांक चालतो. तिथे अ‍ॅप फारसे कामी येत नाही. आपण कुठे आहोत ते आणि आपल्याला येणाऱ्या भाषेचे इंग्रजी नाव, एवढे आधी सांगावे.

बोललेले कुठे जाते

नेट सुरू असताना तुमचे बोलणे बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जाते. २०१७ साली नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने दाखवून दिले, की एका मोफत भाषांतर संकेतस्थळावर लोकांनी टाकलेला खासगी मजकूर शोधयंत्रातून कोणालाही सापडत होता. त्यात नोकरीवरून काढल्याची पत्रे आणि पासवर्डही होते. म्हणून पासपोर्ट क्रमांक, कार्डाचे आकडे, पासवर्ड यांना अनुवादाच्या चौकटीत जागा नाही, आणि आकड्यांना तसाही अनुवाद लागत नाही. नाजूक विषय असेल तर ऑफलाइन पॅक असल्याची खात्री करून नेट बंद करावे आणि मग टाइप करावे. समोरच्याचे बोलणे टिपण्यापूर्वी त्याला विचारावे. काही देशांत परवानगीशिवाय बोलणे नोंदवणे गुन्हा ठरू शकतो, आणि आपल्या अ‍ॅपचा माइक नोंद करतो की नुसता ऐकतो हे त्याला बाहेरून कळत नाही.

परतल्यावर अ‍ॅपमधला संभाषणांचा इतिहास पुसून टाकावा. अँड्रॉइडवर अ‍ॅपचा इतिहास आणि खात्यात साठलेली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, तेव्हा खात्याच्या सेटिंगमध्येही पाहावे. तारांकित केलेली वाक्ये मात्र ठेवावीत, आणि जी वाक्ये सांगताना समोरचा माणूस गोंधळला होता त्यांच्या शेजारी, शेवटी कोणत्या शब्दांनी काम झाले ते लिहून ठेवावे. माझ्या यादीत "मला बस लागते" हे वाक्य अजून आहे, त्यावर काट मारलेली आणि खाली ती दोन वाक्ये.